तुम्ही विचारलंत म्हणून: चूक एकही नाही, मग परत का लिहायचं?

पीएच.डी. करणारी मुलं इंग्रजी मजकूर तपासायला आणतात, मी तो खुणा करून परत देते आणि पुढचा प्रश्न ठरलेला: "मॅडम, ग्रामरची एकही चूक नाही. मग पॅरेग्राफ परत का लिहायचा?" हल्ली त्यांचे गाइडही विचारू लागलेत. म्हणून एकदाच सांगते.

तुमची सातही वाक्यं बरोबर आहेत, मान्य. पण तिसरं उचलून सहाव्याच्या जागी ठेवलं तरी काही बिघडत नाही, त्याचं काय? प्रत्येकाच्या तोंडाला 'मोअरओव्हर' चिकटवून ती एकमेकांची होत नाहीत. आणि 'धिस शोज दॅट' मधलं 'धिस' म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की तुम्ही वरच्या चार ओळींवरून नुसता हात फिरवता. एका वाक्याच्या शेवटी विहिरीची पातळी आली, तर पुढचं वाक्य त्या पातळीपासून सुरू करा आणि नवं काय ते पुन्हा शेवटी ठेवा. इंग्रजी वाचक वाक्याच्या शेवटी येईल त्याला वजन देतो. जॉर्ज गोपेन आणि ज्युडिथ स्वान यांनी १९९० साली खास शास्त्रज्ञांसाठी हे उलगडून दाखवलंय. इथवर मी आजही ठाम आहे.

पुढचं तेवढं सोपं नाही.

परिच्छेदाचं पहिलंच वाक्य विषय सांगणारं हवं, हा नियम मी वर्षानुवर्षं वेदवाक्यासारखा शिकवला. अ‍ॅलेक्झांडर बेन नावाच्या स्कॉटिश प्राध्यापकाने १८६६ साली तो मांडला, आणि त्यानेही 'पहिलं वाक्य प्रास्ताविक नसेल तर' अशी सवलत ठेवली होती. ती मी कधी कुणाला सांगितली नाही.

सांगोला तालुक्यातली एक मुलगी विहिरींवर काम करत होती. तिचा परिच्छेद असा: गावातल्या ११ विहिरी, पहाटे पंप सुरू व्हायच्या आत वजन बांधलेली टेप सोडून घेतलेली पातळी, दोन वर्षं, त्यातल्या ८ विहिरी फेब्रुवारी संपायच्या आत कोरड्या, उरलेल्या ३ पाझर तलावाच्या खालच्या अंगाला, आणि त्यातली एक तर सगळ्यांत उथळ. मग अगदी शेवटी, दबकत, की या गावात विहिरीच्या खोलीपेक्षा तिची जागा 'मे मॅटर मोअर'.

मी ते शेवटचं वाक्य बाण काढून डोक्यावर नेलं. वर गेल्यावर ते लांब वाटायला लागलं, म्हणून 'या गावात' काढलं. 'मे' मिळमिळीत वाटला, तोही खोडला. (महिना नव्हे. इंग्रजीतला 'कदाचित'.) परिच्छेद कसा खणखणीत झाला! मी तिला तो मोठ्याने वाचूनही दाखवला.

पेपर परत आला. परीक्षकाची पहिलीच ओळ: अकरा विहिरींवरून एवढा दावा?

ती टेबलापलीकडे उभी होती. चिडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "मॅडम, मी 'मे' लिहिला होता."

आता माझी बाजू. अंतिम मजकूर तिने वाचला होता, तिच्या गाइडने वाचला होता, दोघांनी होकार दिला होता. हे सगळं खरं आहे. पण तपासणाऱ्या मॅडमना 'नाही' म्हणायची सोय आपण मुलांना कितीशी ठेवतो? तिने मोजमापं आधी ठेवली होती, कारण तिला ११ विहिरींचा जीव ठाऊक होता. मी तिचा क्रम सुधारला नाही, दावा बदलला. तोही इंग्रजी सुधारण्याच्या नावाखाली.

आणि मला हे माहीत नव्हतं असंही नाही. रिचर्ड ब्रॅडॉकने १९७४ साली अमेरिकी मासिकांतले लेख तपासले, तेव्हा विषयवाक्याने सुरू होणारे परिच्छेद जेमतेम १३ टक्के निघाले. ते वाचून मी स्वतःशी म्हटलं होतं, ते कसलेले लेखक, आपल्या मुलांना काठी हवीच. आजही अर्धं मन तेच म्हणतं. नियम काढून घेतला की पहिली पाच वाक्यं 'पाणी म्हणजे जीवन' मध्येच जातात, हेही मीच पाहिलंय.

तिने नंतर मला काही दाखवलं नाही.

परवा एकाचा परिच्छेद आला, निष्कर्ष तळाशी. बाण काढायला पेन उचललं आणि समासात नुसतं 'किती?' लिहिलं. तो विचारायला आला, "मॅडम, हे वर घेऊ की नको?" म्हटलं, उद्या सांगते. अजून सांगितलेलं नाही.