शिनिगे प्लाट्टे : जेन्शियन पाहायला जाणाऱ्यांसाठी

स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेनला मुक्काम करणारे बहुतेक मराठी प्रवासी युंगफ्राऊयोखचे बर्फ पाहून पुढच्या शहराकडे निघतात. सहल कंपन्यांच्या वेळापत्रकात रानफुलांना जागा नसते, पण ज्यांना आल्प्समधील जेन्शियन हे रानफूल डोळे भरून पाहायचे आहे, त्यांनी एक आख्खा दिवस जवळच्या शिनिगे प्लाट्टे या डोंगरासाठी राखून ठेवावा. आम्ही जूनच्या उत्तरार्धात गेलो आणि तीच वेळ मी सुचवीन, कारण बर्फ वितळले की निळे जेन्शियन लगेच फुलते आणि जुलैच्या मध्यानंतर त्यातले फारसे हाती लागत नाही.

इंटरलाकेन ओस्ट (पूर्व) या रेल्वे स्थानकाहून विल्डर्सविल हे पहिलेच स्थानक आहे. तेथून १८९३ साली सुरू झालेली दातेरी रुळांची गाडी सुमारे पाऊण ते एक तासात १९६७ मीटर उंचीवर नेते. गाडी उन्हाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंतच चालते आणि हंगामाची सुरुवात बर्फावर ठरते, म्हणून तारखा आधी पाहून घ्याव्यात. सकाळची लवकरची गाडी धरावी, मात्र आकाश स्वच्छ असेल तरच. जेन्शियनची फुले ढग आले, गारवा वाढला की मिटून घेतात आणि मग गवतात पेन्सिलीच्या टोकांएवढ्या निळ्या कळ्या तेवढ्या दिसतात. आमच्यावरही दुपारी तशी वेळ आली, पण सकाळच्या उन्हात पाहायचे ते पाहून झाले होते.

वरच्या स्थानकाला लागूनच आल्पाइन उद्यान आहे. आधी तेथे जावे, कारण नावाच्या पाट्या असल्यामुळे नजर तयार होते. येथील डोंगर चुनखडीचा असल्याने उतारावर क्लुसिउसचे जेन्शियन मिळते, तर त्याचा जुळा भाऊ शोभेल असे कॉखचे जेन्शियन आम्लधर्मी मातीत वाढते. दोन्हींची बोटभर लांबीची गडद निळी तुतारी जवळजवळ जमिनीतूनच उगवल्यासारखी दिसते. फुलाच्या घशात डोकावल्यास कॉखच्या जेन्शियनमध्ये हिरवट ठिपक्यांच्या रेघा दिसतात, क्लुसिउसमध्ये त्या नसतात. वासंतिक जेन्शियन मात्र अगदी लहान असते. त्याच्या पाच पाकळ्या सपाट पसरतात आणि मधोमध पांढरी चकती नळीचे तोंड बंद करून बसलेली असते. नळी अरुंद असल्यामुळे तळाच्या मधापर्यंत फुलपाखरांसारख्या लांब सोंडेच्या कीटकांचीच पोहोच असते. हे पाहण्यासाठी गुडघे टेकावे लागतात, म्हणून ओल्या गवतात चालेल अशी विजार घालावी.

पिवळे जेन्शियन हा वेगळाच प्रकार. कमरेपेक्षा उंच वाढणारी ही वनस्पती जुलै-ऑगस्टमध्ये फुलते. तिच्या कडूजहर मुळांपासून तेथे मद्य गाळतात. आपल्याकडचे काडेचिराईत याच कुळातले आहे, हे कळल्यावर त्या कडूपणाचे नवल वाटत नाही. कुरणांत तिच्या शेजारीच विषारी पांढरे व्हेराट्रम उगवते. जेन्शियनची पाने खोडावर समोरासमोर असतात, व्हेराट्रमची एकाआड एक. तरीही उपटणे सोडाच, काही तोडूसुद्धा नये.

उद्यानानंतर ओबरबेर्गहॉर्न शिखराच्या बाजूची पायवाट धरावी. आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ ही शिखरे समोर असतात, पण मान खाली ठेवूनच चालणे फायद्याचे आहे. फाउलहॉर्नमार्गे फिर्स्टपर्यंतची सुमारे सहा तासांची वाट प्रसिद्ध आहे. जूनमध्ये तिच्यावर बर्फ असू शकते आणि फुलांसाठी ती आवश्यकही नाही. ऊन असले तरी वाऱ्यासाठी जाकीट आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ जवळ ठेवावी.

बागेत लावण्याचा मोह प्रत्येकाला होतो. इंग्लंड किंवा थंड अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी रोपवाटिकेतून कॉकेशसकडचे सेप्टेमफिडा जेन्शियन आणावे. बागेत तेच सर्वांत समंजस. कॉखचे जेन्शियन पाणी न साचणाऱ्या उन्हाच्या जागी तग धरते, पण फुलेलच असे नाही. एकाच्या बागेत गालिचा होतो, तर शेजाऱ्याकडे नुसती पाने राहतात. शरद ऋतूत फुलणाऱ्या चिनी सिनो-ओर्नाटा जेन्शियनला चुना बिलकुल चालत नाही. बियांना रुजण्यापूर्वी थंडीचा काळ लागतो, म्हणून पुण्या-मुंबईच्या गच्चीवर हा प्रयोग करू नये. याच कुळातले एक्झॅकम पावसाळ्याच्या शेवटी सह्याद्रीच्या सड्यांवर निळे-जांभळे फुलते, आणि ते पाहायला व्हिसाही लागत नाही.