रिकाम्या कॅनची भरपाई

पार्सलमध्ये माझा कॅन चेपला म्हणून विम्याची भरपाई मागितली, त्या पहिल्या अर्जाला पार्सलवाल्यांकडून आलेलं उत्तर मी छापून ठेवलंय. दोनच ओळी. तुमची वस्तू म्हणजे वापरून झालेलं पॅकिंग आहे, पॅकिंगला विमा लागू होत नाही. २४० डॉलर मोजून घेतलेला रूट बिअरचा, म्हणजे दारू नसलेल्या गोड सोड्याचा कॅन, आणि हे त्याला पॅकिंग म्हणतात! पैसे हातात येऊन दोन महिने होतील, तरी तो कागद दिसला की डोकं तापतं.

मी ओहायोत, डेटनजवळ राहतो. सोड्याचे जुने कॅन जमवायला लागून नऊ वर्षं झाली. हा ऑनलाइन लिलावात मिळाला. बोली लागली, पैसे भरले, विम्यासकट पार्सल निघालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. कॅनबद्दल मात्र सांगायला हवं. १९५० च्या आसपासचा कोनटॉप, म्हणजे वरचं तोंड पालथ्या नरसाळ्यासारखं आणि त्यावर बाटलीचं बूच. छोट्या कारखान्यांकडे बाटल्या भरायची यंत्रं असायची, असा कॅन त्यांवरच भरून तेच बूच ठोकता यायचं. सोडा कॅनमध्ये टिकवणं तेव्हा कठीणच होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या क्लिको क्लब कंपनीनं १९३८ मध्ये जिंजर एल, म्हणजे आल्याचा सोडा, कॅनमध्ये भरून पाहिली, पण आतल्या अस्तराचा निभाव लागेना. म्हणून बिअरच्या मानानं सोड्याचे कोनटॉप फार थोडे सापडतात. माझा तर एका लहान गावातल्या, कधीच बंद पडलेल्या कारखान्याचा. मोठ्या ब्रँडपेक्षा असेच कॅन शोधा.

खोका आला तोच एका कोपऱ्यात दबलेला. आत बबल रॅपचा एकच वेढा. नरसाळ्याच्या खांद्यावर अंगठा बसेल एवढा पोचा आणि पोच्याच्या कडेनं तपकिरी रंगाला केसासारख्या चिरा. चिरांतून पत्रा चमकत होता. पत्रा उघडा पडला की गंज तिथूनच धरतो. मी कॅन घेऊन बसलो, तेवढ्यात हिनं खोका रिसायकलिंगच्या पिंपात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज भरताना वाचलं, की मूळ खोका आणि आतलं पॅकिंग तपासणीला आणावं लागेल. कचऱ्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली होती. अनवाणी धावलो. फोटो काढले असले तरी खोका टाकू नका.

अर्जात वस्तूचा प्रकार निवडायचा होता. यादीत नाणी होती, तिकिटं होती, बाहुल्यासुद्धा होत्या, कॅन नव्हता. मी 'इतर' निवडून पुढे 'रिकामा कॅन' लिहिलं आणि तेच नडलं. 'संग्रहातली वस्तू, छापील पत्रा' असं लिहा. 'रिकामा' हा शब्द नकोच.

नकार आल्यावर पावती जोडून पुन्हा अर्ज केला. तीन आठवडे काही नाही. मग प्रश्न आला, वस्तू जुनी असल्याचा पुरावा काय? मग फोन सुरू झाले. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळं.

"आत पेय होतं का?"

"नव्हतं."

"मग नुकसान कशाचं झालं?"

हे मला चार वेगवेगळ्या माणसांनी विचारलं. छापलेला पत्रा हीच वस्तू आहे, हे चौघांनाही सांगितलं.

शेवटी खोका आणि कॅन घेऊन त्यांच्या काउंटरवर गेलो. पाऊण तास रांगेत. बाईंपुढे कॅन ठेवला आणि एकेक गोष्ट दाखवत गेलो. बाजूला डाग देऊन जोडलेला सांधा. पत्त्यात झिप कोड, म्हणजे इथला पिनकोड नाही, तो १९६३ मध्ये आला. बारकोड नाही, तो दुकानात पहिल्यांदा वाचला गेला १९७४ मध्ये, ट्रॉय गावात, म्हणजे त्या काउंटरपासून अर्ध्या तासाच्या रस्त्यावर. बाईंनी कॅन उचलून सगळीकडून फिरवून पाहिला. इतक्या आठवड्यांत त्यांच्यापैकी कुणी तो पाहिला असेल, तर त्या बाईंनीच. "जाणकाराचं पत्र आणा," म्हणाल्या.

बिअरचे कॅन जमवणाऱ्यांचा १९७० पासूनचा मोठा क्लब आहे, त्यात सोड्याचे कॅनवालेही भेटतात. तिथल्या ओळखीच्या एका आजोबांनी दोन दिवसांत पत्र लिहून दिलं. पोच्याआधी कॅन कुठल्या प्रतीचा होता, पोच्यानंतर कुठल्या, सगळं नीट. सोबत मी तशाच तीन कॅनच्या विक्रीच्या नोंदी जोडल्या. मागितलेली किंमत चालत नाही, विकला गेला ती किंमत लागते.

अकराव्या आठवड्यात अर्ज मंजूर झाला आणि नवीच अट कळली. पूर्ण २४० डॉलर हवे असतील तर कॅन त्यांच्याकडे जमा करायचा. जमा करून पुढे काय करता, विचारलं, तर म्हणे टाकून देतो. मी १५० डॉलर घेतले आणि कॅन घरी आणला. त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही.

भरलेला जुना कॅन मिळाला तर तळाला दोन छोटी भोकं पाडून रिकामा करा, हे सांगायचं राहिलं. सोडा आतून पत्रा खात राहतो आणि एक दिवस सगळ्या फळीवर पसरतो. वय ओळखायला झाकणही पाहावं. ओढून काढून टाकायच्या कडीचं पेटंट आमच्या डेटनच्याच अर्मल फ्रेझ यांना १९६३ मध्ये मिळालं. कॅनलाच चिकटून राहणारी कडी १९७५ ची. आणि १९८५ मध्ये कोका-कोलानं चव बदलून आणलेल्या न्यू कोकच्या कॅनला कुणी मोठी किंमत सांगितली तर घेऊ नका, लोकांनी ते तेव्हाच ढिगानं जपून ठेवलेत.

माझ्या कॅनच्या चिरांवर मी गाडीचं मेण हलक्या हातानं लावलंय. दर रविवारी भिंगातून पाहतो. अजून गंजाचा ठिपका आलेला नाही.