रॉड पिशवीतच राहिला

मासेमारीहून परत निघताना नाना एवढंच म्हणाले, "तू हल्ली फेकतच नाहीस." टोमणा नव्हता. तरी झोप लागेना, म्हणून लिहायला बसलोय.

आजची संध्याकाळ खरं तर हवी तशी होती. वारा पडलेला, पाणी नितळ, आणि प्रवाहाच्या कडेला मासे वर येऊन काहीतरी टिपत होते. पूर्वी असं पाणी दिसलं की हात शिवशिवायचे, फ्लायची, म्हणजे गळावर दोऱ्याने बांधलेल्या नकली किड्याची, गाठ मारण्याइतकाही धीर नसायचा. आज मी गुडघाभर पाण्यात उभा राहून स्वतःच्या बाहीचे फोटो काढत होतो.

बाहीवर एक मेफ्लाय, म्हणजे पाण्यात वाढणारा एक नाजूक किडा, कात टाकत होती. उडण्याजोगे पंख आल्यावरही पुन्हा कात टाकणारे कीटक म्हणजे फक्त मेफ्लायच. आधीचे पंख धुरकट, कडेला बारीक लव. पाठीवर चीर पडली, छाती वर आली, पाय सुटले, आणि मग त्या जुन्या पंखांतूनच तिने नवे पंख ओढून काढले, लख्ख, आरपार दिसणारे. शेपटीचे लांब धागे शेवटपर्यंत निघता निघत नव्हते. लेन्स इतकी जवळ, की डोळा स्पष्ट आला की पंख धूसर. आता तिला काही खायचं नाही, खाण्याजोगं तोंडच नाही. जोडी जमली, अंडी घातली, की संपलं. त्याआधी किती काळ दगडाखाली काढलेला...

मग माझी ओढ गेली कुठे? लोक मला ज्या एका गोष्टीसाठी ओळखतात, तीच हातातून सुटत चालली आहे असं वाटतं. नानांची लाइन अजून सरळ जाऊन अलगद उतरते. मासा वर आला की त्यांचा चेहरा खुलतो. माझा खुलत नाही. त्यांच्या गुडघ्याचं मात्र... जाऊ दे.

ओढ गेली म्हणावं, तर इतक्या रात्री फोटो का उघडून बसलो? पाण्याचा एक फोटो सहज काढलेला होता. तो मोठा करून पाहिला, तर अंडी घालून पडलेल्या मेफ्लाय, दोन्ही बाजूंना पंख पसरून पाण्याला चिकटलेल्या. मासे त्याच टिपत होते, म्हणून तर घाई नव्हती, पाण्यावर फक्त लहानसं वर्तुळ उमटायचं. आणि नाना अंधार पडेपर्यंत उभ्या पंखांची फ्लाय फेकत राहिले! एकाही माशाने तोंड लावलं नाही. रॉड हातात असता तर मीही तेच करत बसलो असतो.

मासा काय खातोय हे कळायला हवं, ही ओढ शाबूत आहे. तो माझ्याच गळाला लागावा, ही नाही उरली. वाईट वाटतंय, अजून काही दिवस वाटेल. वाटू दे.

16 नंबरचे गळ काढलेत. मासा सोडायचाच असतो, म्हणून उलटा काटा चिमट्याने दाबून टाकला. अंगाला तांबूस दोरा, पंख आडवे. शेपटीचे धागे फोटोत दोन दिसतात, म्हणून दोनच. पहिली फ्लाय वाकडी झाली, दुसरी बरी जमली आहे. नानांना सकाळी फोन करीन, आत्ता केला तर काकू रागावतील.