रबाळ्याच्या शेडमधली पंक रात्र: पुढच्या वेळी जाणाऱ्यांसाठी

पोस्टरवर पहिला बँड साडेसहाला लिहिला असेल तर तो साडेसहालाच वाजतो. कार्यक्रम म्हटला की अर्धा तास उशीर गृहीत धरायची आपली सवय पंकच्या, म्हणजे वेगवान, धारदार रॉकच्या, रात्री महागात पडते, कारण त्या अर्ध्या तासात एक अख्खा बँड निघून जातो. गाणी दीड-दोन मिनिटांची, एकेका बँडला पंचवीस मिनिटं, मग सामान हलवायला थोडा वेळ की पुढचा. रॅमोन्स या न्यूयॉर्कच्या बँडचा १९७६ चा पहिला अल्बम घ्या. १४ गाणी, सगळी मिळून अर्धा तासही नाही. ठाण्याहून वाशीला पोचेपर्यंत ऐकून होतो.

मी गेलो ती रात्र एका स्वतंत्र संगीताच्या महोत्सवातली. बाकीचे दिवस शांत गिटारवाल्यांचे आणि इलेक्ट्रॉनिकवाल्यांचे होते, शनिवार पंकचा. पाच बँड, आणि जागा नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीतला एक रिकामा गाळा. नेमका पत्ता तिकीट काढल्यावर मेसेजने येतो आणि तो पसरवू नका अशी विनंती असते, म्हणून इथे देत नाही.

कारखान्यांच्या मधे गाणं कशाला, असं घरी विचारतीलच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. औद्योगिक भागाला ७५ आणि ७०. उघड्यावर तर रात्री दहानंतर स्पीकर बंदच. इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव १९८६ मध्ये सुरू झाला तो मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात, पण पुढे ती जागा शांतता क्षेत्रात आली आणि तिथलं रॉक थांबलं. नवी मुंबईला मोठे कार्यक्रम नवे नाहीत. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१९ मध्ये यू-टू आणि जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले हे परदेशी बँड वाजवून गेले. पण पंकवाल्यांना स्टेडियम परवडत नाही आणि भरतही नाही. त्यांना डोक्यावर पत्रा हवा आणि शेजारी कुणी झोपलेलं नको.

ठाण्याहून प्लॅटफॉर्म ९ किंवा १० ची गाडी पकडा. वाशी, नेरूळ, पनवेल, कुठलीही चालते. नवं दिघा गाव धरून रबाळे तिसरं स्टेशन. खाडीकडे वसाहत आहे, डोंगराकडे एमआयडीसी. डोंगराच्या बाजूने बाहेर पडा. ठाणे-बेलापूर रस्ता पळत ओलांडायच्या भानगडीत पडू नका, कंटेनरवाले ब्रेक मारत नाहीत. कार्यक्रम रविवारी असेल तर मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते आदल्या दिवशी बघा. निघण्याआधी पोटात काहीतरी घाला. ठाणे स्टेशनबाहेर कुंजविहारचा वडापाव खाल्ला तर रात्री दहापर्यंत भुकेचं नाव निघत नाही.

स्टेशनाबाहेर एकाच दिशेला निघालेले काळे टी-शर्ट बघून रिक्षावाल्याने विचारलं, "दादा, हळद कोणाकडं आहे?"

"हळद नाही काका, बँड आहे."

"मग हळदच की," म्हणाला आणि मीटर पाडला.

गेटवर ओळखपत्र बघतात आणि २१ च्या खालच्यांच्या हातावर जाड मार्करने फुली मारतात, म्हणजे आत बिअर मिळणार नाही. (महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात.) ही फुली अमेरिकेतल्या क्लबांमधून आलेली. १९८० च्या सुमारास लहान वयाच्या श्रोत्यांना आत सोडताना त्यांच्या हातावर ती काढत, आणि वॉशिंग्टनच्या पोरांनी ती अभिमानाने मिरवायला सुरुवात केली. दारू-सिगारेटला हात न लावणाऱ्या 'स्ट्रेट एज' पंकवाल्यांची तीच खूण झाली. माझ्या पुढे पन्नाशी ओलांडलेले एक काका होते, मुलीसोबत आलेले. त्यांनी स्वतःचा हात पुढे केला, "मलाही मारा, मी पीत नाही." मारली.

गेटवर पाण्याची बाटली काढून घेतात आणि आत तेच पाणी पन्नास रुपयांना विकतात. बड्या कंपन्यांना शिव्या घालणारी गाणी ऐकताना हे जरा जास्तच खुपतं. आयोजकांनी एक पिंप भरून ठेवावं, एवढीच मागणी.

साडेसहाला शेडमध्ये जेमतेम चाळीस माणसं असताना पुण्याच्या तीन मुली स्टेजवर चढल्या, आणि माझ्या मते रात्रीचा सर्वांत चांगला सेट तोच. बास पुढे, गिटार कोरडी, आणि बोलणं जवळपास नाहीच. आठ वाजता आलेले दोनशे जण त्यांना मुकले. दुसऱ्या बँडबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. जोर होता, गाणी नव्हती. तिसरे डोंबिवलीचे, मराठीत गाणारे. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकवरचं त्यांचं गाणं दीड मिनिटात संपलं, जे त्या रस्त्यावर कुणाच्याच नशिबात नसतं. सोसायटीच्या सेक्रेटरीवरच्या गाण्याला तर सगळी शेड ओरडत होती, आणि त्यातले निम्मे जण बहुधा कुठल्या तरी सोसायटीच्या कमिटीवर असतील.

त्यांच्या मधल्याच गाण्यात गिटारची तार तुटली. गाणारा थांबला नाही. शिलाँगच्या बँडमधल्या एकाने स्वतःची गिटार खालून वर दिली. अशा ठिकाणी हे ठरलेलंच असतं. ड्रमसेट आणि अँप (गिटारचा आवाज वाढवणारे स्पीकर) सगळ्यांचे सामाईक, ड्रमर फक्त स्वतःचा स्नेअर (पुढचा छोटा ड्रम), सिंबल (झांजा) आणि पेडल आणतो. म्हणून तर इतक्या झटपट बँड बदलतात. बाथरूमला जायचं ते गाणं चालू असताना जा, बदलाच्या वेळी रांग लागते.

शिलाँगवाले सर्वांत वेगवान होते, शेवटचे बेंगळुरूचे सर्वांत सराईत. पण पत्र्याच्या शेडमध्ये आवाज छताला आपटून परत येतो, त्यामुळे स्टेजच्या पुढ्यात शब्द कळत नाहीत. गाणं ऐकायचं असेल तर मिक्सरच्या टेबलामागे उभे राहा. साउंडवाला तिथे ऐकू येईल तसंच सगळं जुळवत असतो. अंगावर घ्यायचं असेल तर पुढे जा.

पुढे म्हणजे पिटमध्ये, स्टेजसमोर उड्या मारत एकमेकांना धडकणाऱ्यांच्या घोळक्यात. तिथे धक्के बसतात, पण नियम पक्के असतात: पडलेल्याला आधी उचलायचं, हात कोपरातून फेकायचे नाहीत, कडेला उभ्या असलेल्याला आत ओढायचं नाही. फुगाझी हा वॉशिंग्टनचा बँड दांडगाई करणाऱ्यांसाठी वाजवणं थांबवायचा. इथे बेंगळुरूच्या गायिकेने तेच केलं. एका दांडगटाला बोटाने दाखवलं, तो बाहेर जाईपर्यंत ड्रम बंद. मुलींना पुढे जाता आलं ते यामुळेच. बूट बंद घाला, चष्म्याला दोरी लावा, सॅक आणूच नका, ठेवायला जागा नाही. चाळीशीनंतरच्या गुडघ्यांनी भिंत धरावी. मीही तीच धरली होती.

आता कान. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालतो आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. म्हणजे पहिला बँड खाली उतरायच्या आतच दिवसाचा कोटा संपतो. मेडिकलमध्ये फोमचे बोळे अगदी स्वस्तात मिळतात. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवा आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. नुसते टोकाला अडकवले तर काही उपयोग नाही.

शेडमध्ये मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे टी-शर्ट आणि कॅसेटच्या टेबलावर यूपीआय अडकत होतं. सुट्टे पैसे न्या. तिकिटाचे पैसे सगळ्यांत वाटले जातात. प्रवासाचा खर्च बँड बहुतेक या टेबलावरच काढतात.

पावणेदहाला सगळं संपलं. त्या वेळी एमआयडीसीत रिक्षा येत नाही आणि ॲपवरची गाडी स्वीकारून मग रद्द होते. घोळक्याने स्टेशनपर्यंत चालत जा, गल्लीतली कुत्री एकट्यावर जास्त भुंकतात. मुख्य मार्गावर बदलून कल्याण-कर्जतकडे जाणाऱ्यांनी ठाण्याची पुढची गाडी एम-इंडिकेटर या ॲपवर आधीच बघून ठेवावी. भूक असेल तर वसाहतीच्या बाजूला उतरा, भुर्जीपावची गाडी रात्री चालू असते. गाडी घेऊन येणाऱ्यांना ऐरोली पुलावरून मुलुंडकडे जाताना ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोल नाही, पण शेडच्या गल्लीत दोन्ही बाजूंना ट्रक उभे असतात. गाडी ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला लावून पुढे चालत जा.