वीस पडले, तरी कुलूप बंद!

आजचं डंजन्स अँड ड्रॅगन्सचं (एकेक पात्र घेऊन, फासे टाकत खेळायचा साहसांचा खेळ) सेशन निम्मं भांडणातच गेलं. आमच्या रोगने (चोराचं पात्र खेळणाऱ्याने) कुलूप उघडायला वीस बाजूंचा फासा टाकला, चक्क वीस पडले, आणि डीएम (खेळ चालवणारा) शांतपणे म्हणतो, "नाही उघडत." मग काय, टेबल डोक्यावर!

२०१४च्या नियमपुस्तकाप्रमाणे डीएमचं बरोबर आहे. वीसला हमखास यश मिळतं ते हल्ल्याच्या फाशावर, कौशल्याच्या नाही. पण रोगचा सवालही बिनतोड होता: "वीसलाही उघडणार नव्हतं, तर टाकायला लावलास कशाला?" मी रोगच्या बाजूने.

आजपासून सुरू केलेला दुसरा नियम मात्र मला फारच आवडला. पात्र शून्य हिट पॉइंटवर (जीवशक्ती संपून) कोसळलं की त्याचे डेथ सेव्ह (जगणार की मरणार ते ठरवणारे फासे) पडद्याआड, फक्त डीएमला दिसतील असे टाकायचे. एरवी दोन यशं दिसली की सगळे निवांत, "आहे अजून वेळ" म्हणत आधी समोरचे ऑर्क राक्षस संपवत बसतात. आज क्लेरिक (आमची पुरोहित) पडली आणि पॅलाडिन (धर्मयोद्धा) हातातली लढाई टाकून धावला. जाता जाता पाठीत कुऱ्हाडीचा घाव खाल्ला, पण पोचला. असं घाबरून आम्ही कधी खेळलोच नव्हतो.

बाकी, पोशन (बरं करणारा काढा) पाळीतल्या जादाच्या छोट्या कृतीत, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनमध्ये पिण्याचा आमचा जुना नियम २०२४च्या पुस्तकात अधिकृत झाल्यापासून बार्बेरियनची (रानटी योद्धा खेळणाऱ्याची) कॉलर ताठ आहे. म्हणे कल्पना त्याचीच. अरे बाबा, अर्धं जग तसंच खेळत होतं!