ऑरलँडो : डिस्ने वर्ल्ड की युनिव्हर्सल? आधी मुलांची उंची मोजा

अमेरिकेतल्या ऑरलँडोची कौटुंबिक सहल ठरवताना बहुतेक जण आधी तिकिटांचे दर बघतात. खरं तर पहिलं काम आहे टेप घेऊन धाकट्या मुलाची उंची मोजण्याचं. डिस्ने वर्ल्ड आणि युनिव्हर्सल या तिथल्या दोन थीम पार्क संकुलांपैकी कुणाला किती दिवस द्यायचे, हे त्या एका आकड्यावर ठरतं. प्रत्येक मोठ्या राइडच्या दाराशी मोजपट्टी असते आणि तिथला कर्मचारी सुरक्षेच्या बाबतीत एका सेंटिमीटरचीही सूट देत नाही. मूल कितीही रडलं तरी नाही.

डिस्नेत स्लिंकी डॉग डॅश आणि सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ९७ सेंमी पुरतात, राइज ऑफ द रेझिस्टन्सला १०२, एक्स्पिडिशन एव्हरेस्ट आणि फ्लाइट ऑफ पॅसेजला ११२, ट्रॉनला १२२. शिवाय पीटर पॅन, हाँटेड मॅन्शन, पायरेट्स, जंगल क्रूझ, किलिमांजारो सफारी यांना उंचीची अटच नाही. आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे एकाच बोटीत बसू शकतात. युनिव्हर्सलमध्ये ज्या राइड्ससाठी लोक मुद्दाम जातात, त्यांचे आकडे चढे आहेत : हॅग्रिडची मोटारबाइक आणि फॉर्बिडन जर्नी १२२, व्हेलॉसिकोस्टर १३०, हल्क १३७. लहानग्यांसाठी सूस लँडिंग आणि २०२४ मध्ये उघडलेलं ड्रीमवर्क्स लँड आहे, आणि दोन्ही छान आहेत, पण त्यात एक दिवस निघतो, तीन नाही. म्हणून धाकटं मूल १०५ सेंमीच्या आत असेल तर डिस्नेला पाच दिवस आणि युनिव्हर्सलला फार तर दोन. सगळी मुलं १२२ च्या पुढे गेली असतील तर युनिव्हर्सलला निदान तीन दिवस द्या. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला दोन्हीकडे तिकीट लागत नाही. ३ ते ९ बालतिकीट, दहाव्या वर्षापासून मोठ्यांचं तिकीट.

दोन्हीकडचा खरा फरक मात्र कष्ट कुठे करायचे यात आहे. डिस्नेचे कष्ट घरी बसून, निघायच्या आधी करायचे असतात. युनिव्हर्सलमध्ये हॉटेल नीट निवडलं की बरंचसं काम झालं.

डिस्नेच्या पसाऱ्याचा अंदाज नकाशावरून येत नाही. जवळपास १०० चौरस किलोमीटर जागा, चार पार्क, दोन वॉटर पार्क. मॅजिक किंगडम १९७१ पासूनचं, मग एपकॉट १९८२, हॉलिवूड स्टुडिओज १९८९ आणि अ‍ॅनिमल किंगडम १९९८. एका पार्कातून दुसऱ्या पार्कात चालत जाता येईल असं समजून निघालेल्यांचा पहिलाच दिवस बसस्टॉपवर जातो. एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज ही एकच जोडी पायी किंवा बोटीने जमते. हॉटेल निवडताना खोलीपेक्षा वाहन बघा. पॉप सेंच्युरी, आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन, कॅरिबियन बीच आणि रिव्हिएरा ही चार हॉटेलं स्कायलायनर नावाच्या रोपवेवर आहेत. त्या पाळण्यातून एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला जाता येतं, स्ट्रोलर न मिटता. वीज कडाडली की रोपवे थांबतो आणि मग बसच.

मॅजिक किंगडमला गाडीने किंवा टॅक्सीने जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : गाडी पार्कच्या दाराशी जात नाही. ती थांबते तळ्याच्या अलीकडे. तिथे तपासणी, मग मोनोरेल किंवा फेरीबोट, मग प्रवेशद्वार. वाहनतळापासून किल्ल्यापर्यंत पाऊण तास धरा. डिस्नेच्या हॉटेलांच्या बस मात्र थेट दाराशी सोडतात. आतषबाजीनंतर सगळी गर्दी एकदम परत निघते. तेव्हा धावू नका, मेन स्ट्रीटवर अर्धा तास निवांत बसा. मुलं झोपली असतील तर स्ट्रोलर आडवा करा. स्ट्रोलर ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब यापेक्षा मोठा चालत नाही, आणि ओढायच्या वॅगनला डिस्नेत बंदी आहे, स्ट्रोलर-वॅगनलासुद्धा.

आता रांगा टाळण्याचं. जुलै २०२४ पासून डिस्नेत लाइटनिंग लेन, म्हणजे वेगळ्या आखूड रांगेचा मल्टी पास आहे. तो विकत घ्यायचा, आणि दर पार्कागणिक व दिवसागणिक बदलतो. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना चेक-इनच्या सात दिवस आधी, बाहेर उतरणाऱ्यांना पार्कच्या तारखेच्या तीन दिवस आधी, सकाळी ७ वाजता ऑरलँडोच्या वेळेने बुकिंग उघडतं. भारतातून बुक करत असाल तर ती वेळ उन्हाळ्यात दुपारी साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच होते. एका दिवसासाठी तीन राइड्स आधी निवडता येतात. अ‍ॅनिमल किंगडम सोडून बाकी पार्कांत राइड्सचे दोन गट आहेत, आणि पहिल्या गटातून एकच व दुसऱ्या गटातून दोन, अशी अट आहे.

इथे हमखास चूक होते. हॉटेलवाल्यांना सातव्या दिवशी पूर्ण मुक्कामाचं बुकिंग एकदम मिळतं, म्हणजे मुक्कामाचा शेवटचा दिवस तुमच्यासाठी सर्वांत आधी उघडलेला असतो. तरीही लोक पहिल्या दिवसापासून क्रमाने बुक करत जातात आणि तोवर स्लिंकी डॉग संपतो. उलटं करा. स्लिंकी डॉग हॉलिवूड स्टुडिओजमध्ये आहे, म्हणून ते पार्क मुक्कामाच्या शेवटाकडे ठेवा आणि सात वाजता सर्वांत आधी तोच दिवस उघडा. पार्कात पोहोचल्यावर पहिली राइड स्कॅन झाली की लगेच, रांगेत उभ्या उभ्याच, चौथी बुक करा. म्हणून आगाऊ तीन राइड्स सकाळच्याच वेळेच्या घ्या. दुपारच्या घेतल्या तर अर्धा दिवस पुढचं काहीच बुक होत नाही. ट्रॉन, गार्डियन्स, राइज ऑफ द रेझिस्टन्स आणि फ्लाइट ऑफ पॅसेज यांचा सिंगल पास वेगळा विकत घ्यावा लागतो. पैसे वाचवायचे असतील तर हॉटेलच्या पाहुण्यांना मिळणारी सकाळची आगाऊ तीस मिनिटं अशाच एका राइडवर खर्च करा.

युनिव्हर्सलचं गणित वेगळं. युनिव्हर्सल स्टुडिओज १९९० चं, आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर १९९९ चं, आणि दोन्हींच्या मध्ये सिटीवॉक हा दुकानं-हॉटेलांचा भाग. तिन्ही पायी होतात. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन प्रीमियर हॉटेलांत उतरलं की या दोन पार्कांचा अमर्याद एक्स्प्रेस पास खोलीतल्या प्रत्येकाला मिळतो. वेळ बुक करायची नाही, क्रम ठरवायचा नाही. एक्स्प्रेसच्या दारात दाखवायचा आणि आत जायचं. तो चेक-इनच्या दिवशी आणि चेक-आउटच्या दिवशीही चालतो, म्हणजे एक रात्र आणि दोन दिवस. चौघांचे दोन दिवसांचे एक्स्प्रेस पास सुटे घेतले तर किती होतात ते बघा आणि एका रात्रीच्या भाड्याशी ताडून पाहा. गर्दीच्या तारखांना बहुधा हॉटेलच स्वस्त पडतं. ताडताना भाड्यावरचा साडेबारा टक्के कर आणि गाडी असेल तर रात्रीचं पार्किंग जरूर धरा, कारण युनिव्हर्सलची हॉटेलं पार्किंगचे पैसे घेतात. डिस्नेच्या हॉटेलांत पाहुण्यांना ते मोफत आहे. पार्कचं तिकीट अर्थातच वेगळं.

तिकीट घेताना एकच घोटाळा सांभाळा. हॉगवर्ट्स एक्स्प्रेस ही गाडी एका पार्कातून दुसऱ्या पार्कात जाते, त्यामुळे ‘पार्क टू पार्क’ तिकीट नसेल तर तिच्यात बसताच येत नाही. एका पार्कचं तिकीट घेऊन आलेली मुलं स्टेशनच्या दारातून परत फिरतात, ते बघवत नाही. जाताना आणि येताना खिडकीतून वेगवेगळी दृश्यं दिसतात, तेव्हा दोन्ही बाजूंनी बसा.

लहान मूल राइडमध्ये बसू शकत नसेल तर आईवडील आळीपाळीने बसतात. ही सोय दोन्हीकडे विनामूल्य आहे, पण रीत निराळी. डिस्नेत राइडच्या दारात सगळ्या कुटुंबाने जाऊन ‘रायडर स्विच’ सांगायचं. एक जण रांगेत जातो, दुसरा मुलाला घेऊन बाहेर हवं तिथे फिरतो आणि नंतर लाइटनिंग लेनमधून बसून येतो, हवं तर घरातल्या आणखी कुणाला सोबत घेऊन. म्हणजे थोरल्या भावंडाला दोनदा बसायला मिळतं. युनिव्हर्सलच्या ‘चाइल्ड स्वॅप’मध्ये सगळं कुटुंब पूर्ण रांग एकत्र काढतं आणि राइडजवळच्या खोलीत थांबून अदलाबदल करतं. खोलीत गारवा असतो हे खरं, पण त्याआधी दोन वर्षांच्या मुलासह तासभराची रांग असू शकते. एक्स्प्रेस पास सर्वांत जास्त कामाला येतो तो इथेच.

बॅग हा युनिव्हर्सलचा आणखी एक अडथळा. बऱ्याच राइड्सना हातात काही नेता येत नाही. छोटे लॉकर ठरावीक वेळ मोफत, वेळ उलटली की पैसे लागतात. हल्कसारख्या राइडला मेटल डिटेक्टर आहे, खिशातली नाणी आणि किल्लीही चालत नाही. व्हेलॉसिकोस्टरचे लॉकर रांगेच्या आत, दोन्ही बाजूंनी उघडणारे आहेत, त्यामुळे फोन बसायच्या जरा आधीपर्यंत हातात राहतो. मोठी बॅग हॉटेलात ठेवा, कमरेला छोटा पाउच पुरतो.

युनिव्हर्सलचं नवं पार्क एपिक युनिव्हर्स २२ मे २०२५ ला उघडलं. ते जुन्या दोन पार्कांपासून काही किलोमीटर लांब, वेगळ्या जागेवर आहे. चालत जाता येत नाही, हॉटेलांच्या बस आहेत. प्रीमियर हॉटेलचा फुकट एक्स्प्रेस तिथे चालत नाही. म्हणून एपिकला स्वतंत्र पूर्ण दिवस द्या, दार उघडायच्या आधी पोहोचा, आणि सहलीत सर्वांत कमी गर्दीचा जो वार असेल, सहसा आठवड्याच्या मधला, तो त्याला द्या. मारिओ कार्ट आणि माइन-कार्ट मॅडनेसला १०२ सेंमी लागतात, स्टारडस्ट रेसर्सला १२२.

उन्हाळ्यात ऑरलँडोत दुपारी वादळी पाऊस जवळजवळ रोजचाच. विजा जवळ आल्या की उघड्यावरच्या सगळ्या राइड्स बंद होतात आणि सगळी गर्दी छपराखालच्या राइड्सवर लोटते. त्यामुळे उघड्यावरचे कोस्टर सकाळी उरका आणि दुपारी दोनच्या सुमारास हॉटेलवर जाऊन मुलांना पोहू द्या, झोपू द्या. पाऊस ओसरल्यावर संध्याकाळी परत या. पावसाने बरेच लोक घरी गेलेले असतात, तेव्हा रांगा खरोखर आखूड मिळतात. डिस्नेत हे जमवायला जाण्यायेण्यात तास-दीड तास जातो, युनिव्हर्सलच्या प्रीमियर हॉटेलातून चालत किंवा बोटीने सहज होतं. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, तेव्हा रद्द करता येणारंच बुकिंग घ्या.

जेवणात डिस्ने सरस आहे. बाहेरचं खाणं आत नेता येतं, पण काचेची भांडी आणि सुटा बर्फ नको. मेजावरच्या जेवणाचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. शाकाहारी कुटुंबांनी अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधलं सना नक्की गाठावं : नान आणि चटण्यांचं मोठं ताट, आणि खिडकीबाहेर जिराफ. थंड पाण्याचा पेला दोन्हीकडे खाण्याच्या काउंटरवर मागितला की फुकट मिळतो. बाटल्या विकत घेऊ नका.

दोन्ही करायचं असेल तर आधी डिस्ने, मग युनिव्हर्सल. धावपळीचे दिवस पाय ताजे असताना निघून जातात आणि शेवटी सगळं चालण्याच्या अंतरात येतं. भाड्याची गाडी घेतलीच तर फ्लोरिडात पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना कारसीट किंवा बूस्टर सक्तीचं आहे. डिस्नेतून युनिव्हर्सलला जायच्या दिवशी सकाळी लवकर टॅक्सीने थेट युनिव्हर्सलच्या हॉटेलात जा. खोली दुपारनंतर मिळते, पण सामान लगेच ठेवून घेतात आणि एक्स्प्रेस पास काउंटरवर सकाळीच हातात मिळतो. तो घेऊन पार्कात जा. खोली तयार झाली की संदेश येईल, तोवर दोन-चार मोठ्या राइड्स झालेल्या असतील.