गुरु चंद्राएवढा दाखवा, नाहीतर पाचशे रुपये परत द्या

सफारीत वाघ दिसला नाही, चितळं दिसली, थंडीने बोटं बधिर झाली, संपला तो विषय. लिहायचंय ते त्याच दिवशीच्या रात्रीबद्दल, म्हणजे 10 जानेवारी 2026, शनिवार. त्या रात्री माझं डोकं जे सणकलं ते अजून खाली आलेलं नाही.

पेंचचं वाघांचं जंगल, आपल्या महाराष्ट्राकडचं, 2024 च्या जानेवारीत भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, म्हणजे दिव्यांच्या उजेडापासून रात्रीचं आभाळ जपायचं ठिकाण. नागपूरच्या निम्म्या लोकांना हे माहीतच नाही, त्यांना पेंच म्हटलं की फक्त जिप्सी आठवते. सिल्लारी, वाघोडा, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड करणारे बसवलेत, उजेड रस्त्यावर पडावा, आभाळात सांडू नये म्हणून. गावं ऐकतात हो. ऐकत नाहीत ती रिसॉर्टं. आम्ही उतरलो होतो तिथे (नाव घेत नाही) गेटवर डार्क स्कायचा भलामोठा बोर्ड, त्या बोर्डावर हॅलोजन, आणि लॉनवरच्या शोभेच्या ताडांना निळ्या एलईडीच्या माळा. मी मॅनेजरला म्हटलं, दादा, हे बंद करा ना थोडा वेळ. तर म्हणे, गेस्टला अंधाराची भीती वाटते.

टेलिस्कोपचे माणशी पाचशे वेगळे. दाखवणारा पोरगा जवळच्याच गावचा, अंगात जुनं स्वेटर, कानाला मफलर, आणि आभाळाची माहिती एकदम पक्की. त्याने लाइनीत पंचवीस-तीस लोक उभे केले. माझ्यापुढे एक काकाजी, सोबत अख्खा गोतावळा, हातात मोबाईलचा टॉर्च चालूच. पोरगा दोनदा म्हणाला टॉर्च बंद करा, डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात. काकाजी म्हणे, साप निघाला तर तू पाहशील का?

त्यांचा नंबर आला, डोळा लावला न लावला आणि तिथेच स्फोट.

"काय बे, हाच काय तुमचा गुरु? एवढासाक?"

मग त्यांनी मोबाईल काढून फॉरवर्ड दाखवला. आज रात्री मंगळ आणि गुरु चंद्राएवढे दिसणार, असा योग पुन्हा 2287 मध्ये, सर्वांना पाठवा. सोबत फोटो, घरांच्या वर तीन गोळे टांगलेले. हेच पाहायला ते पोराबाळांना घेऊन, आंबाडीची भाजी-भाकर सोडून (हे त्यांनी स्वतः सांगितलं) आले होते आणि आता त्यांना पाचशे परत पाहिजे होते, माणशी.

पोरगा शांतपणे म्हणाला, "काकाजी, मंगळ तर आज दिसूनच नाही राहिला. तो सूर्याच्या मागं गेला आहे."

आणि ते शंभर टक्के खरं होतं. मंगळ 9 तारखेलाच पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या पार पलीकडे गेला होता, जवळपास 36 कोटी किलोमीटरवर. म्हणजे ज्या रात्री तो चंद्राएवढा दिसणार म्हणून लोक गाड्या भरभरून आले त्या रात्री तो आभाळातच नव्हता! फॉरवर्ड करणाऱ्याने निदान मंगळ कुठे आहे एवढं तरी बघायचं ना.

हा मेसेज जुना आहे, 2003 चा. त्या वर्षी 27 ऑगस्टला मंगळ खरंच 5 कोटी 58 लाख किलोमीटरपर्यंत आला होता, हजारो वर्षांत आला नव्हता एवढा जवळ, आणि याहून जवळ तो 2287 लाच येणार, तेवढं खरं. मूळ मेसेजमध्ये लिहिलं होतं की 75 पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्याने दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. हिशोब बरोबर आहे. पण फिरता फिरता 75 पट गळालं, दुर्बीण गळाली आणि चंद्र तेवढा शिल्लक राहिला. तेव्हापासून दर ऑगस्टला हे भूत उठतं, आता जानेवारीतही उठायला लागलं. मंगळ नुसत्या डोळ्याने चंद्राएवढा दिसायचा तर त्याला साडेसात लाख किलोमीटरवर यावं लागेल.

गुरु मात्र त्या रात्री होता, आणि काय होता! बरोबर त्याच दिवशी सूर्य, पृथ्वी, गुरु एका रेषेत, म्हणजे गुरु वर्षातला सगळ्यात मोठा आणि तेजस्वी. मिथुन राशीत, पुनर्वसूच्या ताऱ्यांशेजारी, त्यांना फिका पाडत. तरी नुसत्या डोळ्याला ठिपकाच, कारण अंतर 63 कोटी किलोमीटर. चंद्राच्या रुंदीच्या चाळिसाव्या भागाएवढा.

आता गंमत बघा. पोराने टेलिस्कोपला 60 पट मोठं करणारी आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगाची नळी, लावली होती. म्हणजे काकाजींना दिसलेला गुरु चंद्राएवढा काय, चंद्राच्या दीडपट होता! फॉरवर्डपेक्षा मोठा माल मिळाला होता त्यांना, आणि ते पैसे परत मागत होते. गॅलिलिओने 1610 च्या जानेवारीत वीसेक पट दुर्बिणीतून याच्या निम्म्याहून लहान गुरु पाहिला आणि त्याचे चंद्र शोधले. पण हे तिथे सांगणार कोणाला, मी सांगायला गेलो तर काकाजींचा जावई म्हणे, "भाऊ, तुम्ही रिसॉर्टवाल्यांचे माणूस काय?"

माझी बारी आली तेव्हा मी मुद्दाम वेळ घेतला. फिकट पिवळी तबकडी, मधून दोन मातकट पट्टे, आणि बाजूला एका रेषेत टाचणीने टोचल्यासारखे चंद्र. आणि खरं सांगतो, हिशोब माहीत असूनही तो मला लहानच वाटला. आयपीसमध्ये आजूबाजूला झाड नाही, घर नाही, डोंगर नाही, मग डोळा मापणार कशाशी?

त्याचं उलटं, म्हणजे लहान असून मोठं वाटायचं, मध्यरात्रीनंतर झालं. बरेच लोक शेकोटीकडे गेले, गुरु अगदी डोक्यावर आला, आणि सागाच्या झाडांमागून अर्धा चंद्र निघाला, केशरी, अवाढव्य. काकाजी ओरडले, "हे पाय! याले म्हणतात मोठा!" पोराने खिशातून तुरीचे दाणे काढले (तूर काढणी चालू होती, सगळ्यांच्या खिशात तूर), एक काकाजींच्या बोटांत दिला आणि म्हणाला हात लांब करा, एक डोळा मिटा, चंद्र झाका. झाकला गेला. अख्खा. एका तुरीच्या दाण्याने. मग तो म्हणाला, चंद्र वर चढला की पुन्हा करून पाहा, दाणा तोच पुरते. उलट क्षितिजावरचा चंद्र डोक्यावरच्या चंद्रापेक्षा जवळपास पृथ्वीच्या त्रिज्येइतका, म्हणजे सहा हजारावर किलोमीटर, जास्त दूर असतो, त्यामुळे केसभर लहानच.

काकाजी गप्प. त्यांची नात मात्र दाणा घेऊन दिसेल ते झाकत सुटली, हॅलोजन, टाकी, आजोबांचं डोकं. पैशाचं पुढे काय झालं मला माहीत नाही, पण त्या पोराला त्यातले किती मिळतात हे विचारलं तर तो नुसता हसला, आणि त्याचा मला जास्त राग आला.

गुरु पुन्हा असा समोर येणार फेब्रुवारी 2027 मध्ये, दर तेरा महिन्यांनी येतोच, योगबिग काही नाही. तेव्हा मी जाणार, पण त्या रिसॉर्टवर नाही. पोराच्या गावात एका मावशीकडे बोलून ठेवलंय, अंगणात खाट, वांग्याची भाजी, भाकर. संडास बाहेर आहे आणि रात्री बॅटरी न्यावी लागते, बायको अजून हो म्हणाली नाहीये.